मंगळवारचं गिऱ्हाईक

गजानन दळेला बापाकडून दोन गोष्टी मिळाल्या होत्या, एक वस्तरा आणि दुसरी हात उचलायची खोड. वस्तऱ्याला रोज पट्ट्यावर धार लावावी लागे. खोडीला कधी लावावी लागली नाही.

इंदुरात बडा गणपतीच्या मागच्या गल्लीत त्याचं दुकान. दोन खुर्च्या, एक आरसा आणि खिळ्याला टांगलेला चामड्याचा पट्टा. पणजा होळकरांच्या फौजेत घोडेस्वारांच्या दाढ्या करायचा, आणि दळ्यांच्या घरात ही गोष्ट अशी सांगत की ऐकणाऱ्याला वाटावं, निम्म्या लढाया साबणाच्या फेसानेच जिंकल्या. त्या पणजापासून चार पिढ्या वस्तरा चालला आणि चार पिढ्या पट्टाही चालला. पट्ट्याची एक बाजू वस्तऱ्यासाठी आणि दुसरी पोरांच्या पाठीसाठी, अशी सरळ वाटणी होती.

गजानन नऊ वर्षांचा असताना त्याच्या हातून एका गिऱ्हाइकाची हनुवटी कापली गेली. बापाने, म्हणजे ज्याला सगळी गल्ली दादा म्हणायची त्याने, तिथल्या तिथे पोराला गुडघ्याखाली दाबलं आणि दाढीच्या पाण्याची पितळी वाटी त्याच्या टाळूत हाणली. वाटीला पोचा पडला. टाळूला काय पडलं ते आईने हळद भरताना पाहिलं, बापाने पाहिलं नाही, कारण तो उरलेली दाढी पुरी करत होता. तेव्हापासून गजानन डोक्यावर दाट केस ठेवी. न्हाव्याच्या डोक्यावर जंगल, असं लोक म्हणत. म्हणोत.

एक गोष्ट मात्र बापाने चांगली शिकवली. वस्तरा उघडा असताना रागवायचं नाही. आधी मिटायचा, बाजूला ठेवायचा, मग काय ते करायचं. गजाननने आयुष्यात तीन आरसे, एका चुलतभावाचा हात आणि वीजबिलवाल्याचा दात तोडला, पण दर वेळी वस्तरा आधी मिटला. त्याला तो आपला सुसंस्कृतपणा समजत असे.

आठ वर्षांपूर्वी त्याला स्नेहलतागंजातून बोलावणं आलं. यशवर्धन म्हणून रेल्वेत नोकरीला असलेला एक भला माणूस, त्याचा सहा वर्षांचा मुलगा नचिकेत. केस खांद्यावर आलेले, कुठल्याही दुकानात बसत नाही, घरी येऊन कापून द्याल का, एवढंच सांगितलं होतं. गजानन गेला तर खोलीत तयारी एखाद्या कुस्तीची. सतरंजी अंथरलेली, खिडक्या लावलेल्या, यशवर्धनने बाह्या सरसावलेल्या, आणि त्याचा थोरला भाऊ लक्ष्मीकांत पोराचे दोन्ही पाय धरून बसलेला.

"गजानन, तू बस जल्दी कर," लक्ष्मीकांत म्हणाला. "हा हिलतो फार. आम्ही पकडून ठेवतो."

पोरगं अजून काही झालं नव्हतं तोच किंचाळत होतं. गजाननला वाटलं, लाडाने शेफारलेलं आहे. त्याने नियमाप्रमाणे कात्री खाली ठेवली, एक सणसणीत ठेवून दिली, आणि म्हणाला, "गच्च धरा." त्यांनी गच्च धरलं. यशवर्धनने छाती दाबली, लक्ष्मीकांत मांड्यांवर बसला. कात्रीचा आवाज कानाशी झाला तशी पोराने सगळ्या अंगाने उसळी घेतली, आणि कानाच्या पाळीचा एक तुकडा केसांबरोबर सतरंजीवर पडला.

पुढचं फार भराभर झालं. पोराने डोकं वर मारलं, गजाननच्या नाकाचं हाड कडकन वाजलं. त्याने पोराचा जबडा धरायला हात घातला तर अंगठ्यात दात रुतले, ते हाडापर्यंत गेले. लक्ष्मीकांत ओरडत होता, यशवर्धन रडत होता, आणि सतरंजीवर कोणतं रक्त कोणाचं ते कळत नव्हतं. पोरगं सुटलं ते भिंतीकडे गेलं आणि भिंतीवर डोकं आपटायला लागलं, एका लयीत, दाराची कडी वाजावी तसं.

स्वयंपाकघरातून त्याची आई आली. विनीता तिचं नाव. तिला आत थांबायला सांगितलं होतं, बायकांना बघवत नाही म्हणून. तिने भिंत आणि पोराचं डोकं यांच्यामध्ये आपला पंजा धरला. डोकं पंजावर आपटत राहिलं, ती हलली नाही. बऱ्याच वेळाने ते थांबलं. मग तिने हळदीचा डबा आणला. पोराच्या कानाला लावली, आणि त्याच डब्यातली, त्याच बोटाने, गजाननच्या अंगठ्याला लावली.

"गजाननजी," ती म्हणाली, "याला ऑटिझम आहे. कात्रीचा आवाज याला कानात पत्रा फाडल्यासारखा होतो. मानेवर केस पडले की जळतं. हा नाटक नाही करत. याला सच्ची दुखतं." आणि मग, आवाज न चढवता, "तुम्हाला कोणी असं दाबून धरलंय का कधी?"

गजाननला उत्तर ठाऊक होतं. तोंडापर्यंत आलेलं ते त्याने रक्ताबरोबर गिळलं आणि पिशवी उचलून घरी आला. नाक वाकडं बसलं ते आजतागायत वाकडं आहे. पण त्याला नाकाचं काही नव्हतं. त्याला ती पाळी दिसत राहिली. त्याला लाज वाटली, आणि लाज वाटायची सवय नसल्यामुळे त्याने चार दिवस सगळ्या गिऱ्हाइकांवर आरडाओरडा केला.

पाचव्या दिवशी तो स्नेहलतागंजात जाऊन दारात उभा राहिला. "मंगळवारी आणा त्याला," तो विनीताला म्हणाला. "दुकान बंद असतं. कोणी नसतं. मी हात नाही लावणार."

इंदुरात मंगळवारी केसाला कोणी कात्री लावत नाही, साऱ्या न्हाव्यांची त्या दिवशी सुट्टी. गजानन अर्धं शटर ओढून आत बसला. पहिले सहा मंगळवार नचिकेत खुर्चीभोवती फिरला आणि घरी गेला. सातव्याला खुर्चीत बसला. त्यानंतर एकदा त्याने केस कापायचं मशीन उचललं, चालू केलं, त्याची थरथर गालाला लावून पाहिली, आणि कोणाला काही कळायच्या आत गजाननच्या दाट जंगलातून कपाळापासून मागेपर्यंत एक रस्ता काढला.

गजाननचा उजवा हात उठला. वस्तरा तर आधीच मिटलेला होता, अडवायला काही नव्हतं. विनीताने डोळे मिटले. पण तो हात गजाननने आपल्याच मांडीखाली घातला आणि त्यावर बसला. नंतर डाव्या हाताने मशीन मागितलं. पोराने दिलं. त्याने नचिकेतच्या डोक्यावरून एक, फक्त एक पट्टी काढली. पोरगं थरथरलं, दात खाल्ले, पण बसून राहिलं. मग पोराने पुन्हा मशीनसाठी हात पुढे केला.

असा तो करार झाला. आधी तू, मग मी. एक पट्टी तुझ्या हाताने माझी, एक माझ्या हाताने तुझी. मशीनला कायम बोटभर कंगवा लावलेला असे, त्यामुळे केस आखूड झाले तरी टाळूची कातडी कधी उघडी पडली नाही. पहिले पूर्ण केस कापून व्हायला सात महिने लागले. तेवढ्या काळात गजाननचं डोकं असं झालं होतं की गल्लीतला एकजण म्हणाला, "भिया, खेत में गाय घुस गई थी क्या?" गजाननने त्याला नाल्यात बसवला.

कोणी समजू नये की हा माणूस निवळला. राग होता तिथेच होता, फक्त मंगळवारी तो शटरच्या बाहेरच्या बाजूला राखणीला बसायचा. एकदा एक टवाळ वाकून आत मोबाईलवर नचिकेतचं चित्रीकरण करायला लागला, हसत, दोस्तांना दाखवायला. गजाननने मशीन बंद केलं, नचिकेतला सांगितलं, "दोन मिनिट," बाहेर गेला, आणि त्या मोबाईलचे अन् मोबाईलवाल्याच्या पुढच्या दाताचे मिळून सहा तुकडे केले. दुपार ठाण्यात गेली. ठाणेदाराने विचारलं, इतकं मारायचं काय कारण. गजानन म्हणाला, माझं गिऱ्हाईक खुर्चीत होतं.

हळूहळू मंगळवारी आणखी पोरं यायला लागली. पलक नावाची एक मुलगी चाकाच्या खुर्चीतून यायची, मान स्थिर राहत नसे. गजानन तिच्याबरोबर स्वतःची मान डोलवत कापायचा. दादा आता चौऱ्याऐंशीचा, घराच्या ओट्यावर काठी घेऊन बसलेला, म्हणायचा, "दळ्यांच्या वस्तऱ्याचं खेळणं केलंस." गजानन ते ऐकून पुढच्या मंगळवारी पुन्हा शटर ओढून बसे. नचिकेतला त्याने पहिल्याच वर्षी एक शब्द दिला होता, अंगठ्यावरचा दातांचा व्रण दाखवून: "तुला आता कोणी धरणार नाही. मी आहे तोवर नाही." पोराला किती समजलं देव जाणे. पण तेव्हापासून दुकानात शिरताना तो आधी गजाननचा अंगठा बघायचा, मग खुर्चीत बसायचा.

या वर्षी माघात यशवर्धन गेला. बायपासवर ट्रकने मागून उडवला. नचिकेत चौदा वर्षांचा, बापाएवढा उंच, अंगात बैलाची ताकद. अग्नी लक्ष्मीकांतने त्याचा हात धरून देववला. डोकं उतरवायचं, म्हणजे मुलाचं मुंडण, दहाव्याला ठेवलं. आणि दहाव्याला वस्तरा घेऊन ये म्हणून निरोप कोणाला येणार, तर घरच्या न्हाव्याला.

गजाननने निरोप घेऊन आलेल्या यशवर्धनच्या पुतण्याला सांगितलं, दोन तास आधी येतो, बाजूला बसून सावकाश करतो, गर्दी नको. तो "हो" म्हणाला आणि विसरला. गजानन घाटावर पोचला तेव्हा पन्नास माणसं जमलेली होती.

पिंड मांडले होते. लिंबावर आठ-दहा कावळे बसले होते आणि एकही खाली येत नव्हता. लक्ष्मीकांतने हात जोडले. "यशा, नचिकेतची फिकर करू नकोस," तो म्हणाला. "मी आपल्या पोरासारखा सांभाळेन त्याला." त्याचा आवाज फुटला, आणि ते दुःख खोटं नव्हतं. धाकटा भाऊ गेला होता. कावळा हलला नाही. अर्धा तास गेला. मागून कोणीतरी कुजबुजलं, मुलाच्या डोक्यावर केस तसेच आहेत ना, म्हणून शिवत नाही. ती कुजबुज घाटभर फिरून लक्ष्मीकांतपाशी आली तेव्हा तिचा धर्मशास्त्राचा निर्णय झाला होता.

"चल गजानन, वस्तरा काढ," तो म्हणाला. "जयेश, पियुष, या इकडे. पकडा त्याला."

म्हणजे सांभाळेन म्हटल्याला पाऊण तासही झाला नव्हता.

"लक्ष्मीकांतजी, पकडू नका," गजानन म्हणाला. "मी करतो. एक तास द्या. ह्या सगळ्यांना मागे घ्या."

"एक तास? गुरुजींना पुढे जायचंय. माझा भाऊ तिथे लटकलाय आणि तुला एक तास पाहिजे?"

"त्याला दुखतं."

"आम्हाला नाही दुखत का?"

लक्ष्मीकांतची ती दोन पोरं, दोघंही पंचविशीची, व्यायामशाळेत अंग कमावलेली. जयेशने मागून नचिकेतच्या काखेत हात घातले, पियुषने गुडघ्यात लाथ घालून त्याला खाली बसवला. नचिकेतच्या तोंडून तोच आवाज निघाला, आठ वर्षांपूर्वीचा, फक्त आता जाड झालेला. लिंबावरचे कावळे उडाले. पोराने मान वळवून गजाननकडे पाहिलं. चेहऱ्याकडे नाही. अंगठ्याकडे.

गजाननच्या हातात वस्तरा उघडा होता. त्याने तो मिटला. विनीता पायरीवर उभी होती, तिच्या हातात ठेवला. मग वळला आणि लक्ष्मीकांतच्या तोंडावर असा ठोसा मारला की तो पिंडांच्या पाटापाशी जाऊन आडवा झाला.

जयेशला त्याने केसाला धरून ओढला. पियुष पाठीवर आला. सत्तावन्न वर्षांचा माणूस, दोन तरण्या पोरांपुढे किती टिकणार. त्याचा ओठ फाटला, मग बरगडीत लाथ बसली, मग दुसरी, तिथे काहीतरी आत मोडल्यासारखं झालं. पण त्याने पियुषचं मनगट दातात धरलं आणि सोडलं नाही. ही विद्या त्याला नचिकेतनेच शिकवलेली होती. माणसं "अरे अरे" म्हणत होती. पन्नासांतला एकही मध्ये आला नाही.

या धुमश्चक्रीत नचिकेत सुटला. तो पळाला नाही. तिथेच बसला आणि दगडी पायरीवर कपाळ आपटायला लागला. एक. दोन. तिसऱ्याला कपाळातून रक्त आलं. गजाननने पियुषला सोडलं, चार हात सरपटत गेला, आणि चौथ्या वेळी दगडावर आपला उजवा पंजा ठेवला. डोकं पंजावर आलं. पाचव्याला मधलं बोट मोडलं, सहाव्याला त्याच्या शेजारचं, दोन्हींचा आवाज त्याला वेगवेगळा ऐकू आला. त्याने पंजा काढला नाही. वस्तऱ्याचा हात होता तो, सगळी कमाई त्या हातात होती, आणि दगडापेक्षा तो थोडाच मऊ होता, पण होता.

जयेश पुन्हा पुढे सरकला. तेव्हा विनीताने वस्तरा उघडला. दहा दिवसांत ती कोणाशी धड बोलली नव्हती.

"आता माझ्या पोराला ज्याला हात लावायचा असेल त्याने यावं," ती म्हणाली. "भावजी, तुम्ही पण."

कोणी आलं नाही. गुरुजींनी पुटपुटणंही थांबवलं. डोक्याचं आपटणं मंदावलं, आणि थांबलं. नचिकेतचं कपाळ गजाननच्या सुजलेल्या पंज्यावर टेकून राहिलं.

मग गजाननने डाव्या हाताने पिशवीतून मशीन काढलं, त्याचा कंगवा उतरवून ठेवला, चालू केलं, आणि पोरापुढे धरलं. "आधी तू," तो फाटक्या ओठाने म्हणाला.

लक्ष्मीकांत नाक दाबून उठून बसला होता. करार काय आहे ते त्याला माहीत होतं, सगळ्या स्नेहलतागंजाला माहीत होतं. आज पोराचं डोकं पूर्ण उतरवायचं म्हणजे न्हाव्याचंही पूर्ण उतरणार. रागाने लाल झालेला तो माणूस एकदम घाबरून बोलला. "गजानन, असं नको करू. तुझे वडील जिवंत आहेत."

बाप जिवंत असताना डोकं उतरवणं म्हणजे बापाचं मरण मागणं, हे गजाननला न्हावी म्हणून कोणी शिकवायची गरज नव्हती. हजार डोकी त्याने उतरवली होती, आणि प्रत्येक वेळी आधी विचारलं होतं. तो फक्त म्हणाला, "मालूम आहे." आणि मान खाली केली.

नचिकेतने पहिली पट्टी काढली. कपाळावरचं रक्त त्याच्या भुवईत थबकलं होतं, हात मात्र स्थिर होता. मग गजाननने डाव्या हाताने त्याची काढली, वाकडी. मग पुन्हा नचिकेतने. पाऊण तास लागला. जंगल पायरीवर पडत गेलं, पांढरं आणि काळं एकत्र. शेवटी दोघे समोरासमोर बसले होते, दोन्ही डोकी साफ, दोघांच्या तोंडावर रक्त. वस्तरा फिरला नाही, पण गुरुजी म्हणाले चालेल, आणि आता त्यांना कोणी विचारतही नव्हतं. सगळ्यांनी मागे वळून पाहिलं तर एका पिंडाला चोच लागलेली होती. कावळा केव्हा आला होता ते कोणीच पाहिलं नाही.

हाताला पट्टी बांधून गजानन घरी आला तेव्हा ऊन उतरत होतं. दादा ओट्यावर बसलेला. त्याने सुनेशी बोलता बोलता मान वर केली आणि लेकाचं साफ उतरवलेलं डोकं पाहिलं.

"मी मेलो का रे?" तो म्हणाला.

गजानन उभा राहिला. दादाने काठी उचलली आणि खांद्यावर हाणली. चौऱ्याऐंशी वर्षांचा हात, पण वळण तेच होतं. दुसरी मोडलेल्या बरगडीवर बसली, गजाननच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि तो वाकला. त्याचं डोकं बापाच्या छातीच्या उंचीला आलं. तिसरी काठी वर गेली ती तिथेच राहिली. टाळूच्या मधोमध, कधी ऊन न लागलेल्या कातडीवर, बोटभर लांब, पांढरा, आत दबलेला व्रण होता.

"हे काय आहे?"

"वाटी," गजानन म्हणाला.

"कुठली वाटी?"

"पितळेची. दाढीची. तुम्ही मारली होती. मी नऊ वर्षांचा होतो."

म्हातारा आठवत राहिला. त्याला आठवत नव्हतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं, आणि तेच गजाननला सगळ्यात जास्त लागलं. मग म्हाताऱ्याने बोट पुढे केलं, त्या खाचेत ठेवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं.

"दुखलं होतं का?"

आयुष्यभर गजाननने दुखण्याचा जबाब दुसऱ्याला मारून दिला होता.

"हो दादा," तो म्हणाला. "सच्ची दुखलं होतं."

दादाने काठी भिंतीला टेकवली. सुनेला हळदीचा डबा आणायला सांगितला. आधी लेकाच्या फाटलेल्या ओठाला लावली, आणि मग, थोडी सांडत, डोक्यावरच्या त्या जुन्या जखमेला.